अकराव्या नावानंतर

ट्रॉलीबसने बाजारापाशी दारं उघडली आणि छतातल्या स्पीकरमधून गेन्नादी स्तेपानोविचचा स्वतःचाच आवाज म्हणाला, "थांबा, स्टेडियम." बाहेर स्टेडियम नव्हतं. मुळ्याच्या जुड्या पुढ्यात घेऊन बसलेल्या बायका होत्या, बंद पडलेलं चाव्यांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या शटरवर कुणीतरी एक घोषणा रंगवलेली होती आणि दुसऱ्या कुणीतरी ती खोडलेली होती. पुलावर टायरांची भिंत उभी राहिल्यापासून दोन नंबरची ट्रॉलीबस पाच नंबरच्या तारांवरून वळसा घेत होती. तारा असतील तिथूनच जाणं तिला भाग होतं. पण आवाजाला त्याचं काही नव्हतं. दारं एकदा उघडली की तो एक थांबा पुढे सरकत असे, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे गाडी एका शहरातून चालली होती आणि आवाज दुसऱ्यातून. त्या दुसऱ्या शहरात पूल मोकळा होता. "स्तेपानिच, खोटं बोलताय तुम्ही," कंडक्टर राइसा म्हणाली. "नोंदवलं तेव्हा खरं होतं," तो म्हणाला. "बरं बरं. तिकीट काढा. आवाज फुकट हिंडतो, माणसाला पैसे पडतात." दोन बाया हसल्या. तोही हसला असता, पण त्याच क्षणी मागच्या सीटवरचा एक म्हातारा हातात प्लास्टिकची पिशवी धरून घाईघाईने उठला आणि पायऱ्या उतरून खाली गेला. स्टेडियमच्या थांब्यापाशीच दवाखाना होता, तिकडे निघाला असणार. दारं मिटली. काचेतून गेन्नादीला तो दिसत राहिला: फुटपाथवर उभा, एकदा डावीकडे बघणारा, एकदा उजवीकडे, मग आपल्याच पिशवीत डोकावणारा, जणू रस्ता चुकलाय तो पिशवीत सापडेल. त्याने विश्वास ठेवला होता. इतक्या स्पष्ट, इतक्या शांत आवाजात सांगितल्यावर कोण नाही ठेवणार?

हा आवाज गेन्नादीने मिठाच्या कारखान्याच्या रेडिओ खोलीत नोंदवला होता. त्या खोलीत त्याने सगळी नोकरी काढली: सकाळी भोंगा, दुपारी संगीत, कुणाला बढती, कुणाला निरोप. खिडकीला गाद्या लावल्या होत्या आणि टेबलाखाली त्याचा बारा वर्षांचा मुलगा रोदिओन बसला होता, श्वास घ्यायचा नाही अशा अटीवर. "मीठ कारखाना, तिसरं फाटक" म्हणताना पोराच्या खांद्याने खुर्ची करकरली. पुन्हा नोंदवायला टेप उरली नव्हती, म्हणून ती करकर तशीच राहिली, आणि गेली बारा वर्षं शहरातल्या सगळ्या दोन नंबरच्या गाड्यांमध्ये तिसऱ्या फाटकाआधी एक खुर्ची करकरते. कुणाच्या लक्षात येत नाही. स्पीकरचा दोष वाटतो. "एक सांगू का," राइसा वाकून हळू आवाजात म्हणाली, "तुमची झोया रोज सकाळी बसते माझ्या गाडीत. तिसऱ्या फाटकापर्यंत जाते. उतरत नाही. तशीच परत येते. तिकडे काय आहे हो तिचं?" गेन्नादी म्हणाला, "बहीण आहे." त्याच्या बायकोला, झोयाला, बहीण नव्हती. राइसालाही ते ठाऊक असावं, कारण तिने त्याच्या हातात तिकीट ठेवून त्याची मूठ स्वतःच मिटली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला काम होतं, तिथूनच तो परस्पर मैदानाकडे निघाला होता; उरलेला रस्ता तो चालत गेला. मे महिना संपत आला होता, चेस्टनटचा मोहर गळून गटारात साचला होता, आणि उन्हाला दरवर्षीचाच वास होता, याचं त्याला नवल वाटलं. दरवर्षी या सुमाराला फुटबॉलचा मोसम संपत असे. या वर्षी मोसम संपत नव्हता, तुटत होता. हिवाळ्याच्या सुट्टीआधी शहराचा सोलेवार संघ नावापुरत्या पहिल्या विभागात सातवा होता, म्हणजे वरच्या विभागात जाण्याची भीती नाही आणि खाली पडण्याचीही नाही. एवढंच सुख शहराला पुरत असे. मग राजधानीतल्या चौकात शेकोट्या पेटल्या, मग माणसं मेली, आणि मार्चमध्ये सुरू होणारा खेळ सुरू झाला नाही. सुरू झाला तेव्हा एक संघ दक्षिणेला नकाशातूनच निघून गेला होता, दोन परदेशी खेळाडू सामान न घेता पळाले होते, आणि नगरपालिकेवरचं निशाण दोनदा बदललं होतं. पाहुणे संघ सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जात, जेवायलासुद्धा थांबत नसत. आज घरचा शेवटचा सामना, आणि तो प्रेक्षकांविना.

फाटकाला साखळी होती. संघाचा व्यवस्थापक विताली मार्कोविच साखळीच्या आत उभा राहून सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होता. "आलात? मला वाटलं येणार नाही." "न यायला काय झालं?" "अहो, रिकामं मैदान आहे. कावळ्यांना खेळाडूंची नावं सांगणार का?" "मग कशाला बोलावलंत?" "नियम आहे. उद्घोषक हवा, डॉक्टर हवा, स्ट्रेचर हवं. बघायला माणूस असायलाच हवा असं मात्र नियमात कुठे नाही." विताली मार्कोविचने साल थुंकली. स्वतःच्या बुटांकडे बघत त्याने विचारलं, "पोराचं काही कळलं?" "नाही." "कळेल. काही न कळणं ही चांगली बातमी असते, स्तेपानिच." हे वाक्य गेन्नादीला इतक्या जणांनी ऐकवलं होतं की आता तेही त्याला नोंदवून ठेवल्यासारखं वाटे, दार उघडलं की वाजणारं.

फोनमधली ती बाईसुद्धा तशीच. रोदिओनचा नंबर लावला की ती सांगे, हा ग्राहक संपर्काच्या कक्षेबाहेर आहे. चांगला आवाज होता, छातीतून येणारा, शेवटचं अक्षर न खाणारा. गेन्नादीला आधी तिचा राग यायचा, मग तो तिचा विचार करू लागला. कुठल्या खोलीत बसून बोलली असेल, खिडकीला गाद्या होत्या का, कोणत्या ग्राहकाबद्दल बोलतेय हे तिला माहीत नव्हतं तरी इतक्या खात्रीने कशी बोलली. तिचं कोणी टेबलाखाली बसलं होतं का.

रोदिओन गेला तो एप्रिलमधल्या एका दुपारी. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पातेल्यातून थंड वरेनिकी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, बोटांनी खात होता. झोयाने विचारलं, "बशी घे की. आणि चाललास कुठे?" "बोलावलंय तिकडे." "कुणी बोलावलंय?" "आई, तुला नाव सांगितलं तर तू त्याच्या आईला फोन करशील." तो मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडमधल्या पोरांचा म्होरक्या होता, ढोल त्याचा, पहिली आरोळी त्याची. त्या पोरांनी हिवाळ्यात आपला पक्ष निवडला होता आणि शहरातल्या निम्म्या लोकांनी दुसरा. जिन्यात लोक एकमेकांकडे न बघता चढत-उतरत होते. गेन्नादीला खूप काही बोलायचं होतं. युद्धाबद्दल, शहराबद्दल, त्याच्या वयाबद्दल. तोंडातून निघालं ते एवढंच: "मफलर ठेवून जा. रस्त्यात ओळखतील." निळा-पांढरा मफलर, सोलेवारचा. "मफलर नसला तर ओळखणार कोण मला, बाबा?" रोदिओन हसला आणि तेलकट बोटं त्यालाच पुसली. "घरच्या शेवटच्या सामन्याला येतो. आवाज नीट ठेव. गेल्या वेळी फाटका लागत होता." मग दाराशी झोयाने त्याच्या खिशात उकडलेली अंडी कोंबली आणि तो म्हणाला, "सहलीला नाही चाललो गं." हे सगळं गेन्नादीने मनात इतक्यांदा वाजवून पाहिलं होतं की त्यातलं कोणतं वाक्य आधीचं आणि कोणतं नंतरचं हे आता नक्की सांगता आलं नसतं. पण 'येतो' हा शब्द होता. तो झोयानेही ऐकला होता.

उद्घोषकाची खोली पश्चिमेच्या स्टँडच्या माथ्यावर होती, कबुतरखान्याएवढी. तिथून समोर हिरवं मैदान, त्यापलीकडे पूर्वेचा स्टँड, आणि स्टँडच्या पाठीशी नऊ मजली इमारती, सगळ्या बाल्कन्या मैदानाकडे तोंड करून. उजवीकडून दुसऱ्या इमारतीतली सहाव्या मजल्यावरची बाल्कनी त्याची. तिथे झोया निळ्या घरगुती झग्यात उभी होती. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण ती कठड्याला धरून कशी उभी आहे ते दिसत होतं. इतर बाल्कन्यांतही माणसं होती. कुणी स्टूल आणलं होतं, कुणी थर्मास. मैदान बंद होतं, बाल्कन्या कोण बंद करणार?

त्याने बटण दाबलं, माइकवर नख वाजवलं, आणि दचकला. नखाचा आवाज परत आला होता. गेल्या कित्येक वर्षांत या मैदानाने त्याला कधी प्रतिध्वनी दिला नव्हता. खरं तर साधी गोष्ट आहे. माणसं आवाज पितात. कोट, टोप्या, लोकरीचे मफलर, अंगं. भरलेला स्टँड म्हणजे एक मोठी गादी. रिकामं काँक्रीट मात्र काही ठेवून घेत नाही, जे दिलं ते एका सेकंदाच्या आत परत करतं. हे त्याला शिकून ठाऊक होतं, अनुभवून नव्हतं. रोदिओन पाठीशी उभा राहून विचारी, "बाबा, आम्ही नसलो तर इथे काय ऐकू येईल?" आणि तो म्हणे, "मीच."

इथली रीत अशी होती: उद्घोषकाने खेळाडूचं फक्त नाव घ्यायचं आणि थांबायचं, आडनाव स्टँडने द्यायचं. पूर्वेकडून आधी एकच आवाज उठे, उंच, थोडा खरखरीत, आणि त्याच्या मागोमाग सगळे. तो पहिला आवाज रोदिओनचा. बाप अर्धं नाव फेकायचा आणि पोरगा उरलेलं अर्धं. घरात दोघं महिना-महिना धड बोलत नसत तेव्हासुद्धा शनिवारी हे चुकलं नव्हतं. झोया म्हणे, "तुमचं दोघांचं जे काही आहे ते मैदानावरच आहे."

आणखी एक रीत होती, ती रोदिओननेच घातलेली. संघाचा जुना गोलकीपर येफिम लालेत्को वारला तेव्हा अध्यक्षांनी लांबलचक भाषण लिहून पाठवलं होतं. रोदिओन तेव्हा सतरा वर्षांचा होता. जिने चढून वर आला, धापा टाकत म्हणाला, "भाषण नको, बाबा. त्याचं नाव घे, अकरा जणांनंतर. आम्ही उत्तर देऊ." गेन्नादीने नाव घेतलं, "येफिम...", आणि सगळ्या स्टँडने उभं राहून लालेत्को म्हटलं, टोप्या काढल्या, आणि पंचाने न सांगता एक मिनिट शांतता दिली. तेव्हापासून अकराव्या नावानंतरची जागा मेलेल्यांची झाली. कपडे धुणारी माशा मावशी, बसचा ड्रायव्हर, हृदय बंद पडून गेलेला डावा बॅक, सगळ्यांना तिथे एकेकदा बोलावून झालं होतं.

संघ मैदानात आले. चालताना बुटांच्या खिळ्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. दोन्ही संघ सवयीने रिकाम्या पूर्वेकडे बघून हात हलवू लागले आणि मध्येच थांबले. गेन्नादीने यादी समोर धरली. "सोलेवार," तो म्हणाला, आणि काँक्रीट म्हणालं, सोलेवार. "क्रमांक एक. मिरोन..." तो थांबला. समोरून परत आलं: मिरोन. आडनाव नाही. त्याचा त्यालाच आवाज ऐकू आला, लहान झालेला, म्हातारा झालेला, आणि गेल्या वेळेसारखा फाटका. त्याने पुढे वाचलं. "क्रमांक दोन. लेव..." लेव, काँक्रीट म्हणालं. आणि त्याच्यावर, पुसट, वरून कुठून तरी एका बाईचा आवाज: "द्रोबोत." त्याने मान वर केली. तिसऱ्या मजल्यावर धुणं वाळत घातलेल्या बाल्कनीत कुणीतरी हात हलवत होतं. "क्रमांक चार. वादिम..." या वेळी पाच-सहा आवाज आले, वेगवेगळ्या उंचीवरून, एकमेकांना न गाठणारे: पेरेपेलित्स्या, पेरेपेलित्स्या, लित्स्या. पाचव्या नावाला एक अख्खी इमारत होती. सातव्याला बायका, पोरं, शेजारच्या दातांच्या डॉक्टरचा घोगरा आवाज, कुणीतरी तव्यावर डाव बडवत होतं. हिवाळ्यापासून ही माणसं जिन्यात एकमेकांशी बोलत नव्हती. आता ती एकाच आडनावावर एकत्र येत होती आणि पुढचं नाव येईपर्यंत वेगळी होत होती.

तो एकच आवाज शोधत होता. उंच, थोडा खरखरीत, इतरांच्या आधी येणारा. कुठल्या तरी मित्राच्या घरात लपला असेल. पडद्यामागे असेल. त्याने येतो म्हटलं होतं. प्रत्येक नावानंतर गेन्नादी किंचित जास्त थांबू लागला, खाली पंच मान वर करून बघू लागला. आठवं, नववं. आवाजांचा थर जाड होत चालला होता, त्यात तो आवाज असता तरी वेगळा काढता येणार नाही अशी त्याला भीती वाटू लागली, आणि लगेच ती भीतीच आशेसारखी वाटू लागली. दहावं. अकरावं नाव त्याने घेतलं आणि सगळ्या बाल्कन्यांनी एका तालात आडनाव दिलं, अगदी जुन्यासारखं. हाक मारली की उत्तर येतं. अकरा वेळा मारली, अकरा वेळा आलं. एवढा पुरावा असताना बाराव्यांदा का येणार नाही? इतका सरळ हिशोब होता. बोट बटणावर होतं. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं. त्याला फक्त पोराला हाक मारायची होती, मोठ्याने, चारी स्पीकरमधून, जिथे असेल तिथे ऐकू जाईल अशी.

"रोदिओन..." तो म्हणाला.

काँक्रीट म्हणालं, रोदिओन.

मग काहीच नाही. तव्यावरचा डाव थांबला. त्या शांततेत त्याला वाटलं, आता येईल, आता, पडद्यामागून. आणि तिसऱ्या मजल्यावरची ती धुण्याची बाल्कनी, एकटीच, हळू आवाजात म्हणाली, "होरोबेत्स." त्याचं स्वतःचं आडनाव होतं ते. त्यामागून दुसरी बाल्कनी, मग पाचवी, मग सगळ्या, आरोळी नव्हे, चर्चमध्ये म्हणतात तसं: होरोबेत्स. आणि मग त्याने पाहिलं की पुरुष टोप्या काढताहेत. स्टुलावरची बाई उठून उभी राहिली आहे. खाली वादिमने डोकं खाली घातलं, त्याने शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बघता बघता दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. पंचाने वर, त्याच्या खिडकीकडे बघून, समजल्यासारखी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं.

तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण नाव कुठल्या जागी घेतलं ते.

एक मिनिट फार मोठं असतं. त्यात चिमण्या ऐकू येतात. दूर पुलाकडे कुठलंसं इंजिन ऐकू येतं. माइक हातात होता, बोटाखाली बटण होतं, तोंड उघडून सांगायचं होतं की चूक झाली, असं काही नाही, मी फक्त हाक मारली. पण चूक दुरुस्त करायची तर खरं काय ते माहीत असावं लागतं. 'माझा मुलगा जिवंत आहे' असं चारी स्पीकरमधून सांगायला जो आवाज लागतो, स्पष्ट, शांत, शेवटचं अक्षर न खाणारा, तो त्याने आतल्या आत शोधला आणि त्याला बाजारापाशी उतरलेला म्हातारा दिसला, पिशवीत डोकावणारा. त्याने सहाव्या मजल्याकडे पाहिलं. निळा झगा कठड्याशी नव्हता. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि पडदा बाहेर आला होता.

पंचाने शिट्टी फुंकली. खेळ सुरू झाला आणि खिशातला फोन थरथरला.

"गेना," झोया म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की क्षणभर त्याला वाटलं ती भाजीचं काही विचारेल. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"कुणाचा फोन आला? मला सांग. मी खुर्चीत बसलेय, मी ऐकून घेईन."

"झोया, कुणाचा फोन नाही आला. कुणी काही सांगितलं नाही. मी फक्त..." त्याने समोरची यादी उलटी केली. "तो येतो म्हणाला होता ना. मी हाक मारून पाहिली."

तिचा श्वास येत होता, आणि श्वासामागे उघड्या दारातून मैदान येत होतं. खाली लेव द्रोबोतने चेंडू लांब मारला. गेन्नादीला तो धप्प असा आवाज खिडकीतून ऐकू आला, आणि लगोलग पुन्हा, फोनमधून, तिच्याकडून. प्रत्येक लाथ दोनदा.

"दारावर लोक आलेत," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरची वाल्या आली आहे, मार्चपासून बोलत नव्हती ती. रडतेय. हातात पाव आहे तिच्या. तिला काय सांगू मी? आत घेऊ?"

"नको घेऊस."

"रडणाऱ्या बाईला दाराबाहेर उभं ठेवू?" मग, "तू सांग ना त्यांना. तूच म्हणालास, तूच सांग. माइक आहे ना तुझ्याकडे? तो आहे म्हणून सांग. माझ्यासाठी नको. तो कुठे ऐकत असेल तर. आपल्याच बापाने..." तिथे तिचा आवाज तुटला, आणि त्या तुटण्याआधी कुठेतरी एक खुर्ची करकरली, त्यांच्या स्वयंपाकघरातली, तिसऱ्या फाटकाआधी करकरते तशीच.

खेळ चालू असताना उद्घोषकाने बोलायचं नाही, असा नियम आहे. गोल झाला तर बोलायचं. खेळाडू बदलला तर. एरवी माइक बंद. इतक्या वर्षांत त्याने तो एकदाही मोडला नव्हता, आणि आज मोडला असता तर कोण काय म्हणणार होतं. पण त्याच्या लक्षात आलं की आपण त्या नियमाला धरून बसलो आहोत, झोया कठड्याला धरून उभी होती तसे. "गोल झाला की सांगतो," तो फोनमध्ये म्हणाला. तोवर काही सांगायचं नाही, तोवर दोन्ही खरं आहे. तो फोन कानाला लावून बसून राहिला, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर. समोर बावीस माणसं रिकाम्या मैदानात एकमेकांना हाका मारत धावत होती. आयुष्यात पहिल्यांदाच गोल कुणाचा व्हावा हे त्याला कळत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी चेंडू कुठल्याही एका जाळीच्या जवळ गेला की त्याचा श्वास अडके, आणि बाहेर गेला की सुटे.

"गेना," झोया फोनमध्ये म्हणाली, "झाला का?"

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."